फोन कोण ऐकतो, नेट कोण बंद करतो? वाचकांचे प्रश्न

टेहळणी, जप्ती आणि नेटबंदी या विषयांवर आलेल्या पत्रांतली काही निवडून येथे घेतली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण पोलीस ठाण्यात अजूनही जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलमांच्या आकड्यांनीच बोलणे चालते. म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही आकडे दिले आहेत. ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आहे त्यांनी हे वाचून वकिलाकडे जावे, वकिलाऐवजी हे वाचू नये.

फोनवर बोलताना खरखर येते, बॅटरी भराभर उतरते. आमच्या संघटनेचे आंदोलन सुरू झाल्यापासून हे वाढले आहे. एका कार्यकर्त्याने *#२१# लावून टॅपिंग तपासायला सांगितले. यात तथ्य किती? (सोलापूर)

खरखरीचा आणि टॅपिंगचा संबंध नाही. कायदेशीर टॅपिंग तुमच्या हँडसेटमध्ये होत नाही, ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत होते. तुमचे बोलणे तिथून जातानाच त्याची एक प्रत संबंधित यंत्रणेकडे वळते. त्यामुळे आवाज, बॅटरी, तापमान, कशातच फरक पडत नाही. खरखर येते ती टॉवरच्या गर्दीमुळे किंवा माइकच्या जाळीत साचलेल्या कचऱ्यामुळे.

*#२१# हा कोड फक्त कॉल फॉरवर्डिंग दाखवतो. तेही आता भरवशाचे नाही. फसवणुकीचे प्रकार वाढल्याने दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली, त्यामुळे बऱ्याच सिमवर ‘इनव्हॅलिड एमएमआय कोड’ असे उत्तर येते आणि लोक आणखी घाबरतात. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून तिथे अनोळखी नंबर आहे का ते पाहा. असला तर तो बहुधा ओटीपी चोरणाऱ्या भामट्याचा असतो, सरकारचा नव्हे.

आता खऱ्या टॅपिंगबद्दल. पूर्वी १८८५ च्या तार कायद्याचे कलम ५(२) वापरले जाई, आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनी लेखी द्यायचा असतो. टाळता न येण्यासारखी परिस्थिती असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. दुर्गम भागात किंवा कामाच्या निकडीमुळे आधी आदेश मिळवणे शक्य नसेल तर राज्य पातळीवर पोलीस महानिरीक्षकापेक्षा खालचा नसलेला अधिकारी सुरुवात करू शकतो, पण तीन दिवसांत वर कळवावे लागते आणि सात दिवसांत मंजुरी न आल्यास ऐकणे बंद करावे लागते. हे कामकाजाचे दिवस धरायचे. एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवून वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती दोन महिन्यांतून एकदा हे आदेश तपासते. या चौकटीचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत घातला.

चौकटीत न्यायाधीश कुठेच नाही, हे लक्षात आले असेल. आदेश देणारेही सचिव, तपासणारेही सचिव. शिवाय टॅपिंग संपल्यावरही ‘तुमचा फोन ऐकला होता’ असे कोणी कळवत नाही. अमेरिकेत आदेशाची मुदत संपल्यावर साधारणपणे ९० दिवसांत संबंधिताला कळवावे लागते. आपल्याकडे ते कळते फक्त आरोपपत्रात संभाषणाचा उतारा जोडला गेला तर.

तसा उतारा आला तर वकिलामार्फत तीन कागद मागा: मूळ आदेश, मुदतवाढीचे आदेश आणि आढावा समितीचा निर्णय. प्रकरणे बहुतेक इथेच फसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी सीबीआयच्या एका लाचखोरी प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. कारण साधे होते: कायद्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोनच पायऱ्या आहेत आणि लाचेचा संशय त्यातल्या एकीवरही चढत नाही. ध्वनिमुद्रणे नष्ट करायलाही न्यायालयाने सांगितले. आंदोलनाच्या बाबतीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण आदेशात लिहिले जाते, पण वरच्या दोनपैकी एक पायरी आधी चढल्याशिवाय ते पुरत नाही.

नेटवर्कवरच्या टॅपिंगमध्ये साधा कॉल, एसएमएस आणि तुम्ही कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहात ते मिळते. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरचे बोलणे कूटबद्ध असल्याने ऐकू येत नाही. पण एसएमएसने आलेला ओटीपी वाचता येतो, म्हणजे तुमचे खाते दुसऱ्या फोनवर उघडणे शक्य होते. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे जाऊन सहा आकडी पिन आजच लावा. आणखी एक भोक बॅकअपचे. गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाणारा व्हॉट्सॲपचा बॅकअप आपोआप पूर्ण कूटबद्ध असतोच असे नाही. चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप असे जाऊन तो चालू करावा लागतो. पासवर्ड विसरलात तर बॅकअप कायमचा गेला, तो वहीत लिहून ठेवा.

पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा प्रकार याहून निराळा. त्यात फोनच्याच आत घुसतात आणि तसे घुसायला परवानगी देणारी स्पष्ट तरतूद भारतीय कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. तुम्हाला ॲपलकडून इशारा आला तर मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. आपल्या ॲपल खात्यात स्वतः लॉगिन करा. इशारा खरा असेल तर पानावर वरच दिसतो. मग लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा बंद करणारी आयफोनची सोय) चालू करा. फोन रिसेट करण्याची घाई मात्र नको, पुरावाही त्याबरोबर पुसला जातो.

नाकाबंदीत पोलिसांनी गाडीची कागदपत्रे पाहून झाल्यावर ‘फोन अनलॉक कर, व्हॉट्सॲप दाखव’ म्हटले. नकार देता येतो का? (नागपूर, विद्यार्थी)

रस्त्यावर कोणाचाही फोन चाळून पाहण्याचा सर्वसाधारण अधिकार कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर संहितेच्या कलम ९४ (जुने ९१) खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी तो हजर करायला लेखी सांगू शकतो, किंवा संशयित वस्तू म्हणून कलम १०६ (जुने १०२) खाली जप्त करू शकतो. दोन्हीत कागद होतो. कागद न करता ‘दाखव जरा’ म्हणणे ही विनंती आहे.

नकार कसा द्यायचा, याला मात्र महत्त्व आहे. ‘साहेब, नोटीस द्या, मी फोन घेऊन ठाण्यात हजर होतो,’ एवढेच म्हणा. फोन ओढून घेताना हात झटकलात तर दंड संहितेचे जुने ३५३ (सरकारी कामात अडथळा आणायला बळाचा वापर), म्हणजे आताचे भारतीय न्याय संहितेचे १३२ लागायला वेळ लागत नाही. मग फोनचा मुद्दा बाजूला पडतो आणि मारहाणीच्या गुन्ह्यात जामीन शोधत बसावे लागते. अधिकाऱ्याच्या छातीवरची नावाची पट्टी, वेळ आणि ठिकाण लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी पोलीस आयुक्तांच्या किंवा अधीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवा.

डिजिलॉकरवरचे लायसन्स दाखवायला अनलॉक केलेला फोन हातात देणे हीच बहुतेकांची चूक. अँड्रॉइडमध्ये सुरक्षा सेटिंगमध्ये ‘ॲप पिनिंग’ असते, आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’. ते लावले की पडद्यावर डिजिलॉकरच राहते, पिन टाकल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. लायसन्सचे मूळ कार्ड पाकिटात असले तर तीही गरज नाही.

बोटाचा ठसा आणि पिन यात फरक आहे. १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवले की बोटाचा ठसा घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. पिन मात्र डोक्यात असतो. तो सांगायला भाग पाडता येते का, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही: कर्नाटकने २०२१ मध्ये म्हटले की अनुच्छेद २०(३) चा (स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा) भंग होत नाही, दिल्लीने २०२३ च्या अखेरीस म्हटले की खटला चालू असताना आरोपीवर सक्ती करता येत नाही. अडचणीचा प्रसंग दिसला की ठसा आणि चेहरा बंद करा. आयफोनवर बाजूचे आणि आवाजाचे बटण दोन सेकंद एकत्र दाबले की पुढच्या वेळी पासकोडच मागितला जातो. अँड्रॉइडवर पॉवरच्या मेनूत ‘लॉकडाउन’ असते. फोन सरळ बंद केला तर सर्वांत उत्तम. सुरू झाल्यावर पहिला पिन पडेपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंद राहतो.

पोलिसांनी माझ्या भावाच्या ऑफिसमधून लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क आणि फोन नेला. आम्हाला फक्त एका कागदावर ‘१ लॅपटॉप, २ डिस्क, १ मोबाइल’ असे लिहून दिले. भाऊ हिशेबाची कामे करतो, सगळ्या गिऱ्हाइकांचा डेटा त्यात आहे. आता काय करता येईल? (अहिल्यानगर)

तो कागद अपुरा आहे आणि त्याचा फायदा पुढे तुम्हालाही होऊ शकतो, म्हणून जपून ठेवा. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता आणि फोनचे दोन्ही आयएमईआय हवेत. खरेदीच्या बिलावरून किंवा खोक्यावरून हे सगळे आकडे काढा आणि तपासी अंमलदाराला पत्र लिहून ‘याच वस्तू जप्त झाल्या’ असे नोंदवून पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने अधीक्षकांना पाठवा.

झडती कायद्याप्रमाणे झाली का, ते असे पाहा. कलम १०३ (जुने १००) नुसार त्या भागातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, जागेच्या ताबेदाराला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे आणि सह्या केलेल्या यादीची प्रत त्याला मिळाली पाहिजे. वॉरंटशिवाय झडती घेतली असेल तर कलम १८५ (जुने १६५) खाली अधिकाऱ्याने कारणे आधी लिहायची आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. ताबेदाराने अर्ज केल्यास ती प्रत मोफत मिळते. हा अर्ज फार कमी लोक करतात, खरे तर तो पहिल्याच आठवड्यात करावा. कलम १०५ नवे आहे: झडतीचे आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. पोलीस यासाठी ई-साक्ष्य हे ॲप वापरतात. चित्रण झालेच नसेल तर तसे आत्ताच लेखी नोंदवा. दोन वर्षांनी उलटतपासणीत पहिल्यांदा सांगितलेल्या गोष्टीला वजन राहत नाही.

सगळ्यात कळीची गोष्ट हॅश व्हॅल्यू. डिस्कवरच्या सगळ्या डेटावरून एक ठरावीक लांबीचा आकडा निघतो. आतले एक अक्षर बदलले तरी पूर्ण आकडा बदलतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्रात तो आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, एसएचए-२५६ की आणखी कशाने, हे दोन्ही भरावे लागते. तो जप्तीच्या वेळीच काढला तर नंतर कोणी ढवळाढवळ केली नाही हे सिद्ध होते. प्रत्यक्षात ठाण्यात राइट ब्लॉकर (डिस्क वाचताना तिच्यावर काही लिहिले जाऊ न देणारे साधन) नसतो, आणि एक टीबीच्या डिस्कची प्रतिमा काढायला काही तास जातात, म्हणून डिस्क थेट न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते आणि मधले आठवडे कोरे राहतात. याच काळात कोणीतरी ‘काय आहे बघू’ म्हणून लॅपटॉप चालू करतो. तो नुसता चालू झाला तरी विंडोज शेकडो फायलींत नोंदी करते, तारखा बदलतात. मग हेतू काही असो, पुराव्यावर बोट ठेवायला जागा होते. म्हणून पंचनाम्यात ‘बंद अवस्थेत, पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांनी सीलबंद’ असे शब्द आहेत का ते आवर्जून पाहा. फोनचा हॅश असा जागेवर काढता येत नाही, कारण चालू फोनमधला डेटा क्षणोक्षणी बदलतो. तिथे काढलेल्या अहवालाचा हॅश पाहायचा.

याचबरोबर न्यायालयात डिस्कच्या क्लोन, म्हणजे हुबेहूब, प्रतीचा अर्ज करा. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये जप्त केलेल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची अशी प्रत बचाव पक्षाच्या हाती आली, म्हणूनच अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगला ती तपासता आली. नेटवायर नावाच्या सॉफ्टवेअरने जप्तीच्या आधीच त्यात फायली पेरल्या गेल्या होत्या, असे त्यांचा फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेला अहवाल म्हणतो. एनआयएला ते मान्य नाही. खरे कोण हे खटल्यात ठरेल, पण प्रत नसती तर प्रश्नच उभा राहिला नसता.

वस्तू परत हव्या असतील तर कलम ४९७ किंवा ५०३ (जुनी ४५१, ४५७) खाली सुपुर्दनाम्यावर (मागितल्यास पुन्हा हजर करू, या हमीवर) मागा. डिस्क सहसा लवकर सुटत नाही, तेव्हा निदान गिऱ्हाइकांच्या कामाच्या फायलींची प्रत देण्याची पर्यायी मागणी त्याच अर्जात घाला आणि जीएसटी, आयकर विवरणपत्रांच्या मुदती तारखांसह मांडा. नुसते ‘नुकसान होते’ म्हणण्यापेक्षा तारखा दाखवल्या तर अर्ज लवकर ऐकला जाण्याची शक्यता वाढते.

एक गोष्ट मुळीच करू नका: क्लाउडवरून फोन दुरून पुसणे किंवा मेल उडवणे. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा (न्याय संहिता कलम २३८, २४१) लागतो आणि मूळ प्रकरण पोकळ असले तरी हा टिकतो.

डिजिटल साधनांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक सूचना करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितले. तोवर सीबीआयची नियमपुस्तिका पाळू, असे सरकारने उत्तर दिले. ती पुस्तिका गावच्या ठाण्यात कोणी उघडली असेल अशी आशा करू या.

दंगलीच्या अफवेवरून आमच्याकडे मोबाइल नेट बंद झाले. दुकानात सगळी उधारी झाली. हा आदेश कलेक्टर काढतात का? भरपाई मिळते का? (कोल्हापूर)

कलेक्टरला हा अधिकार नाही. २०१७ पूर्वी जमावबंदीच्या कलम १४४ खाली (आता १६३) नेट बंद करत. आता तो मार्ग नाही. ऑगस्ट २०१७ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले नोव्हेंबर २०२४ चे नियम सांगतात की आदेश गृहसचिवच काढतील. सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने काढला तर २४ तासांत गृहसचिवांची मान्यता हवी, नाहीतर तो आपोआप पडतो. आदेशात कारण, भाग आणि मुदत लिहिलेली असली पाहिजे, मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि पाच दिवसांत आढावा समितीने तो तपासायचा असतो. आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवले, आणि नेटवरून केलेल्या व्यापारालाही अनुच्छेद १९(१)(छ) चे संरक्षण आहे असेही म्हटले. दुकानदारांना त्या निकालाची हीच बाजू कामाची.

तुमच्या शहरात जून २०२३ मध्येही समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून तणाव होऊन नेट बंद झाले होते. अशा वेळी प्रत मागायची ती गृह विभाग, मंत्रालय, यांच्याकडे. जिल्हाधिकारी कार्यालयात ‘वरून आले’ एवढेच ऐकायला मिळते. भरपाईची तरतूद नियमांत नाही. व्यापारी संघटनेने उच्च न्यायालयात रिट करणे हा मार्ग आहे, पण नेट दोन दिवसांत सुरू होते आणि वाद निष्फळ ठरतो. म्हणून याचिकेत ‘आदेश प्रसिद्ध केला नाही’ हा मुद्दा पुढे ठेवावा. नेट सुरू झाले तरी तो संपत नाही.

धंद्याचे काय? आदेश बहुधा मोबाइल डेटापुरता असतो, तारेने येणारे ब्रॉडबँड चालू राहते. म्हणून कार्ड मशीन वायफायवर चालणारे घ्या. सिमवर चालणारे मशीन आणि ‘इतके रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा डबा दोन्ही मुके होतात. गिऱ्हाइकाला *९९# वरून डेटाशिवाय यूपीआय करता येते, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, बँकेत नोंदवलेल्या सिमवरून आणि नेहमीच्याच यूपीआय पिनने. ते प्रत्येक कंपनीच्या सिमवर चालतेच असे नाही, तेव्हा चांगल्या दिवशी दहा रुपये पाठवून पाहा. पैसे जमा झाल्याचा बँकेचा एसएमएस आल्याशिवाय माल हातात देऊ नका.

एक्सवरचे आमचे उपरोधिक खाते ‘भारतात कायदेशीर मागणीमुळे रोखले’ असे दाखवते. कोणी रोखले, का रोखले, कुणीच सांगत नाही. (ठाणे)

आधी कंपनीला एकच प्रश्न विचारा: मागणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ खाली आली की ७९(३)(ब) खाली? पुढची सगळी वाट यावर ठरते.

६९अ मधली कारणे मोजकी आहेत: देशाची सार्वभौमता व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्र मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. मंत्र्याची टिंगल त्यात नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे मजकूर लिहिणारा सापडत असेल तर त्याला किंवा कंपनीला उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे असतात. या ‘किंवा’ मध्येच सगळे वाहून जाते, कंपनीला नोटीस दिली की काम झाले असे समजतात. वर नियम १६ हे सगळे गुप्त ठेवायला सांगतो. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हुंड्यावरच्या एका उपरोधिक संकेतस्थळाच्या निर्मात्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली. तुमच्या वकिलाला हा आदेश दाखवा, तुमची बाब अगदी जवळची आहे.

७९(३)(ब) ची वाट सैल आहे. तिथे समिती नाही, सुनावणी नाही. केंद्राच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून सरकारी खात्यांच्या सूचना थेट कंपन्यांकडे जातात. एक्सने त्याला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून निदान एवढे झाले की अशी सूचना सहसचिव, किंवा पोलिसांत उपमहानिरीक्षक यांच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने देता येत नाही आणि कायद्याचे कलम व नेमका दुवा लिहावा लागतो.

आलेला मेल पूर्ण हेडरसह जतन करा, रोखलेल्या पानाचा दुवा आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ७ दिवसांत उत्तर द्यायचे असते (फेब्रुवारी २०२६ पूर्वी ही मुदत १५ दिवस होती). ते पटले नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. सरकारच्याच आदेशावर सरकारच्याच समितीकडून फार अपेक्षा नको. खरा दरवाजा अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा, आणि मुंबईचा अनुभव वाईट नाही. सरकारविषयीचा मजकूर ‘खोटा’ ठरवणारे केंद्राचे फॅक्ट चेक युनिट याच न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. दोन न्यायाधीशांत मतभेद झाले होते, तिसऱ्यांच्या मताने निकाल लागला.

तुम्ही पत्रात ६६अ चा, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या याच कायद्यातल्या कलमाचा, उल्लेख केला आहे. ते कलम आता नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकारानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल याचिकेत २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले. तरी पुढे कित्येक वर्षे ठिकठिकाणी या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. एफआयआरमध्ये ते दिसले तर निकालाची प्रत जोडून ते वगळायला लावा.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी वाईटसाईट टाकले तर ॲडमिन म्हणून मी अडकते का? (डोंबिवली)

नुसत्या ॲडमिनपणामुळे नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा गुन्हा रद्द केला. ठरवून केलेला कट किंवा समान उद्देश दाखवता आला तरच ॲडमिन जबाबदार. तरी असे काही आले की ते उडवा आणि ग्रुपवर एक ओळ लिहून ठेवा. कोर्टात जाण्यापेक्षा ते स्वस्त.

आमच्या जिल्ह्यात किती फोन टॅप होतात, हे माहिती अधिकारात विचारले तर मिळेल का? (नांदेड)

नावे मिळणार नाहीत, कलम ८(१)(क), (छ), (ज) आड येतात. गुप्तचर संस्था कलम २४ मुळे बाहेर. पण गृह विभागाकडे आकडे मागता येतात: अमुक वर्षात किती आदेश निघाले, आढावा समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, समितीने किती आदेश रद्द केले. शेवटचा प्रश्न सोडू नका, सगळे सार त्यात आहे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, शुल्क १० रुपये, अपिलाला २० रुपये. ‘कारणे कळवा’ असे लिहू नका, ‘नोंदीची प्रत द्या’ असे लिहा. उशीरही नको, कारण टॅपिंगच्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायचा नियमच आहे.

वैयक्तिक माहितीचे कारण नोव्हेंबर २०२५ पासून आणखी रुंद झाले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) मधली व्यापक जनहिताची अट काढून टाकली. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. पहिल्या अपिलात हे कलम नाव घेऊन मांडा.

संचार साथी ॲप फोनमध्ये ठेवणे सक्तीचे आहे का? (सातारा)

नाही. सर्व नव्या फोनमध्ये ते आधीच घालावे असा निर्देश दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपन्यांना दिला होता. गदारोळ झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे पाहायला ॲप लागतच नाही, संचार साथीच्या संकेतस्थळावर नंबर आणि ओटीपी टाकून यादी मिळते. आपल्याकडे मर्यादा नऊ सिमची आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ नोंदवा.

सगळ्या जगाच्या इंटरनेटचे मुख्य बटण अमेरिकेकडे आहे, असे आमचे सर म्हणतात. (पुणे, बारावी)

अर्धे बरोबर, तेही जुन्या काळाचे. नावांचे पत्ते सांगणाऱ्या मूळ यादीवर अमेरिकी सरकारची देखरेख होती, ती १ ऑक्टोबर २०१६ पासून संपली. आता आयकॅन ही संस्था ते काम पाहते. ती कॅलिफोर्नियात नोंदलेली असल्याने तिथला कायदा तिला लागू आहे, एवढा धागा उरतो. मूळ सर्व्हर तेराच, असे पुस्तकांत असते. नावे तेरा आहेत, ती १२ संस्था चालवतात, पण त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी आहेत.

भारतापुरते बटण दिल्लीत आहे आणि ते यंत्र नसून परवाना आहे. नेट देणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या परवान्यात सरकारी आदेश पाळण्याची अट असते. साइट बंद करायला सांगितले की काही कंपन्या नावाचा चुकीचा पत्ता देतात, काही जोडणी सुरू होतानाच साइटचे नाव वाचून ती तोडतात. म्हणूनच एकच साइट घरच्या वायफायवर दिसते आणि मोबाइलवर दिसत नाही. डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून साइट उघडली तर पहिला प्रकार, तरीही न उघडल्यास बहुधा दुसरा. सर्व कंपन्यांवर आणि परदेशातूनही बंद असेल तर सेन्सॉरशिप नाही, साइटच कोसळली आहे.

समुद्राखालच्या तारा हा आणखी एक गळा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या माहितीनुसार १७ आंतरराष्ट्रीय तारा भारतात १४ केंद्रांवर येतात आणि ही केंद्रे पाचच शहरांत आहेत. मुंबईत त्यांतल्या बऱ्याच वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात.

टोरोंटोहून हिमालयात ट्रेकिंगला येणार आहे, आधी काही दिवस गोव्यात. गार्मिन इनरीच सोबत आणू का? (कॅनडा)

आणू नका. उपग्रहाशी बोलणारे साधन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा ठरते. इरिडियम आणि थुराया या उपग्रह सेवांवर विशेष नजर असते, आणि इनरीच इरिडियमवरच चालते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्याच एका धावपटू महिलेला याच कारणाने अडवले होते. विमानतळावरच्या तपासणीत ते ट्रेमध्ये उघड दिसते, आणि ‘फक्त एसओएससाठी आहे’ हे स्पष्टीकरण चालत नाही. नुसते जीपीएस दाखवणारे, संदेश न पाठवणारे घड्याळ या बंदीत येत नाही. ट्रेकवर उपग्रह फोन लागणारच असेल तर स्थानिक आयोजकाकडे बीएसएनएलचा परवाना असलेला फोन आहे का ते विचारा आणि परवान्याची प्रत सोबत ठेवा.